पॉवर पेट्रोल टाकूनही अ‍ॅव्हरेज पडतंय? आधी गाडीची वही उघडा

"मिस्त्री, दिवाळीपासून पॉवरच टाकतोय. तरी गाडी पितीयच."

सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेचे, म्हणजे जानेवारीतले दिवस होते. पार्क चौकाकडचे रस्ते भरून गेलेले, त्यामुळे चाटी गल्लीतले हे कापडाचे व्यापारी वळसा घालून होटगी रोडला माझ्या गॅरेजवर आले होते. गाडी २०१८ ची, १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक. जुळे सोलापूर ते दुकान आणि परत, महिन्यातून एखादी पुण्याची फेरी, एवढाच वापर. गावात साडेचौदाचं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी साडेबारावर आली होती. गेल्या हिवाळ्यातही असंच झालं, उन्हाळ्यात थोडी सुधारली आणि थंडी पडली तशी पुन्हा बसली. कुणीतरी सांगितलं की ऑक्टेन जास्त असलेलं पेट्रोल, म्हणजे पॉवर टाका, अ‍ॅव्हरेज वाढेल. मालक इमानदारीत लिटरमागे जादा पैसे मोजत राहिले.

हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून दोनदा तरी येतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

उत्तर आधी देतो. ज्या गाडीला कंपनीनं साधं पेट्रोल चालतं असं सांगितलंय, तिचं अ‍ॅव्हरेज जास्त ऑक्टेननं वाढत नाही. वाढल्यासारखं वाटलं तर बहुतेक वेळा मोजमाप चुकलेलं असतं किंवा त्या टाकीत हायवेची फेरी झालेली असते. आणि चांगलं चाललेलं अ‍ॅव्हरेज एकदम दीड-दोननं पडलं असेल, तर दुखणं पेट्रोलात नाही, गाडीत आहे.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, दम

पंपावर ९१, ९५, १०० असे आकडे दिसले की माणसाला वाटतं, मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद. दुधात फॅट जास्त तसं काहीतरी. पण ऑक्टेनचा आकडा ऊर्जा मोजतच नाही. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं जातं, दाबलं की तापतं, आणि तापलं की आपोआप पेटायला बघतं. ते किती दम धरतं, प्लगची ठिणगी पडेपर्यंत गप्प बसतं का, हे ऑक्टेन सांगतं. मोजायची पट्टीही तशीच आहे: आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० गुण, नॉर्मल हेप्टेनला शून्य, आणि आपलं पेट्रोल या दोघांच्या कुठल्या मिश्रणासारखं वागतं त्यावर त्याचा आकडा ठरतो.

सोलापूरकराला हे सांगायला मला लांब जावं लागत नाही. संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांचा अक्षता सोहळा असतो. नंदीध्वज उभे असतात, हजारो माणसं मुठीत अक्षता धरून थांबलेली असतात, आणि संमती, म्हणजे तिथली मंगलाष्टकं, वाचून होईपर्यंत कुणी मूठ सोडत नाही. सिलिंडरमध्ये नेमकं हेच व्हायला पाहिजे. ठिणगी प्लगपाशी पडते, जाळ तिथून कडेपर्यंत पसरत जातो, आणि कडेच्या मिश्रणानं आपली पाळी येईपर्यंत थांबायचं असतं. ते न थांबता एखाद्या कोपऱ्यात आधीच भडकलं, की धक्का बसतो आणि चढावर पाय दाबल्यावर टकटक आवाज येतो. त्याला आपण गाडी नॉक मारते म्हणतो. ऑक्टेन जास्त म्हणजे हा उतावळेपणा कमी. जिथं सगळे आधीच शहाण्यासारखे थांबलेत, तिथं आणखी दम धरणारी माणसं आणून उभी केली म्हणून सोहळा मोठा होत नाही.

साध्या पेट्रोलवर जी गाडी नॉकच मारत नाही, तिला ९५ टाका नाहीतर १००, जळायचं ते तसंच जळतं.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून एक जण म्हणाला, तिकडं ८७ सुद्धा मिळतं, आपलं ९१ म्हणजे त्यापेक्षा भारी. तसं नाही. तिकडचा आकडा दोन वेगळ्या चाचण्यांची सरासरी असतो, आपला त्यातल्या एकाच चाचणीचा. तिकडचं ८७ आणि आपलं ९१ साधारण सारखंच.

जुन्या लोकांचा समज अगदी हवेतला नव्हता

जास्त ऑक्टेननं अ‍ॅव्हरेज वाढतं हे ज्यांनी पहिल्यांदा सांगितलं, ती माणसं मूर्ख नव्हती. कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटरच्या जमान्यात टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ती वेळ, हातानं बसवावं लागायचं. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करायचा, बॉडी थोडी फिरवायची, कान इंजिनाला लावायचा. पेट्रोल हलकं असलं की टायमिंग मागे ठेवावं लागे, नाहीतर गाडी नॉक मारायची. पेट्रोल चांगलं मिळालं की टायमिंग पुढे घेता यायचं, आणि मग पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्हीत खरंच फरक पडायचा. पण तो फरक टायमिंगचा होता. नुसतं भारी पेट्रोल टाकून टायमिंगला हात लावला नाही, तर तेव्हाही काही मिळत नव्हतं.

त्याच काळात डांबराच्या गोळ्या टाकीत टाकणारेही होते. शुद्ध नॅप्थालिननं ऑक्टेन थोडं वाढतं ही गोष्ट खरी आहे. पण आता कपाटातल्या पुष्कळ गोळ्यांमध्ये क्लोरिनवाला दुसराच पदार्थ असतो, आणि तो जळल्यावर आम्ल होतं. कृपा करून टाकू नका. मागच्या वर्षी एका पोराच्या बाईकमधून मी गोळ्यांचा गाळ काढलाय, आणि वर त्याचं म्हणणं की आजोबांनी सांगितलं होतं.

आजच्या गाडीत टायमिंग संगणक ठरवतो. इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. टकटक सुरू व्हायला लागली की तो ओळखतो आणि संगणक टायमिंग मागे घेतो. सगळं क्षणात होतं, तुम्हाला कळतही नाही. पण साध्या गाडीच्या संगणकाला टायमिंग किती पुढे न्यायचं याची हद्द आखून दिलेली असते, आणि ती हद्द साध्या पेट्रोलवरच गाठली जाते. पुढं रस्ता बंद.

उसानं दिलेला पुरावा

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर आपल्या जिल्ह्यातलाच दाखला देतो.

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने किती, हे मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी इथेनॉल तयार होतं, ते पेट्रोलात जातं आणि त्याच पेट्रोलवर आपल्या गाड्या पळतात. इथेनॉलचं ऑक्टेन १०८ च्या आसपास, म्हणजे कुठल्याही पॉवर पेट्रोलपेक्षा जास्त. पण एक लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जा असते ती पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश.

बीएस-६ चं साधं पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचं. त्यात २० टक्के इथेनॉल आलं की आकडा ९५ च्या आसपास जातो. म्हणजे तुम्ही काही न मागता, जादा एक रुपया न देता, तुमच्या टाकीतलं ऑक्टेन वाढलं. मग अ‍ॅव्हरेज वाढलं का? उलट तक्रारी वाढल्या. आणि हिशेबानं तसंच व्हायला पाहिजे. शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर २० टक्के मिश्रणात लिटरमागे ऊर्जा सहा ते सात टक्के कमी भरते, आणि आधीच्या १० टक्के मिश्रणाशी केली तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की जुन्या घडणीच्या, १० टक्क्यांवर जुळवलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज यात सहा-सात टक्क्यांनी घटू शकतं आणि २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाडीचं एक-दोन टक्क्यांनी.

ऑक्टेन वर गेलं आणि अ‍ॅव्हरेज खाली आलं. दोन्ही एकाच पेट्रोलात, एकाच वेळी. मला यापेक्षा स्वच्छ पुरावा ठाऊक नाही.

यातून आणखी एक निघतं. साधं पेट्रोलच आता ९५ च्या जवळ आलं असेल, तर पाटीवर ९५ लिहिलेल्या महाग पेट्रोलात तुम्ही ऑक्टेनसाठी फारसे पैसे देत नाही. त्यात इंजेक्टर साफ ठेवणारी औषधं जास्त असतात, त्याचे देता. ती औषधं खोटी नाहीत. इंजेक्टर खरोखरच घाण झालेले असतील तर दोन-चार टाक्यांत गाडी थोडी मोकळी होते. पण जे स्वच्छच आहे ते रोज धुऊन आणखी स्वच्छ होत नाही.

मग फरक पडतो तो कुणाला?

पडतो. टर्बो पेट्रोल गाडी, भरलेली, मे महिन्यात ४३ डिग्रीला तुळजापूरचा घाट चढतेय. आत येणारी हवाच तापलेली, वर ती आत कोंबणाऱ्या टर्बोचा दाब. अशा वेळी संगणक टायमिंग सारखं मागे ओढतो, आणि तिथं जास्त ऑक्टेन कामाला येतं. ज्या गाडीच्या पुस्तकात "किमान ९५" असं लिहिलंय तिला ते द्यायलाच पाहिजे, तिथं काटकसर करू नका. जुन्या, आत कार्बन धरलेल्या इंजिनातून चढावर टकटक ऐकू येत असेल तरी ९५ टाकून बघायला हरकत नाही. आवाज थांबेल. पण ती मलमपट्टी झाली, कार्बन आतच राहतो.

अमेरिकेतल्या एएए या वाहनधारकांच्या संस्थेनं हे रीतसर तपासलंय. २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत भारी पेट्रोल घालून पाहिलं, फायदा काही दिसला नाही. मग २०१७ मध्ये अशा गाड्या घेतल्या ज्यांच्या कंपन्या भारी पेट्रोलची शिफारस करतात. तिथं अ‍ॅव्हरेज सरासरी २.७ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे ज्यांच्यासाठी हे पेट्रोल बनवलंय, त्यांनाही साधारण एवढंच मिळतं.

आता चाटी गल्लीच्या भाषेत मांडू. साधं पेट्रोल १०५ रुपये आणि पॉवर ११३ धरा. जादा आठ रुपये वसूल व्हायचे तर अ‍ॅव्हरेज साडेसात टक्क्यांहून जास्त वाढलं पाहिजे. १५ देणाऱ्या गाडीनं १६.१ द्यायला पाहिजे, तेही दर टाकीला. तुमच्या पंपावरचे आजचे भाव घाला आणि स्वतःच भागाकार करा.

आधी मोजमाप नीट करा

"अ‍ॅव्हरेज कमी झालं" म्हणणाऱ्या दहातल्या चौघांकडे आकडाच नसतो. हजाराचं टाकलं आणि काटा लवकर खाली आला, एवढ्यावरच तक्रार. डॅशबोर्डवरचा आकडाही अंदाजाचा असतो.

टाकी फुल करायची, नोझलनं पहिल्यांदा ऑटो कट घेतला की थांबायचं. ट्रिप मीटर शून्य करायचा. ३००-४०० किलोमीटर नेहमीसारखी चालवायची, मग त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायची. किलोमीटरला लिटरनं भागायचं. असं तीन टाक्या करायचं आणि मग सरासरी काढायची. कट कधी अर्धा लिटर आधी येतो कधी नंतर, त्यामुळे १० लिटर भरून मोजलं तर पाच टक्क्यांची चूक सहज होते. ज्याला दोन-तीन टक्क्यांचा फरक शोधायचाय त्यानं एका टाकीवरून बोलूच नये.

आणि कट झाल्यावर "मालक, राउंड फिगर करू का?" याला नाही म्हणा. गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल वाफेच्या नळीतून टाकीतली वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जातं आणि तो डबा खराब होतो.

पंपाच्या मापावरच शंका असेल तर भांडू नका, ५ लिटरचं माप मागा. ते पंपावर ठेवावं लागतं आणि ग्राहकानं मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. सकाळी थंड पेट्रोल भरलं की जास्त मिळतं ही मात्र सोडून द्यायची गोष्ट आहे. टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान सकाळ-दुपारी फारसं हलत नाही.

व्यापाऱ्याची वही

आमच्या मालकांकडे मात्र वही होती. लाल कापडी बांधणीची, धंद्याचीच. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, पेट्रोल साधं की पॉवर, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: "पुणे", "लग्न अक्कलकोट", "एसी". २०१९ पासूनचं सगळं. असा पेशंट आला की डॉक्टर निम्मा सुटतो.

चहा मागवला आणि पानं उलटत बसलो. २०१९ ते २०२३ आकडे साडेचौदाच्या आगेमागे. एप्रिल-मेमध्ये तेरा-साडेतेरा, ते एसीमुळे. पावसाळ्यात परत वर. हे चित्र सोलापुरातल्या कुठल्याही गाडीचं असतं. पण २०२४ पासून नक्षी बदलली. त्या वर्षीच्या डिसेंबरात १२.७, जानेवारीत साडेबारा. मार्चमध्ये १३.६. पुढच्या डिसेंबरात पुन्हा साडेबारा. म्हणजे एसी बंद असताना सगळ्यात वाईट आकडे! थंडीत कुठल्याही गाडीचं अ‍ॅव्हरेज थोडं घटतं हे मान्य, पण सोलापूरची थंडी ती केवढी?

पेट्रोलचा रकाना बघितला. पहिल्या वाईट हिवाळ्यात साधं होतं, दुसऱ्यात पॉवर. आकडे तेच. पॉवरची एक टाकी पंधरावर गेली होती, आणि त्यावरच मालकांचा सगळा विश्वास बसला होता. शेरा बघितला तर "पुणे". मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत ऐंशीच्या वेगानं सरळ गेलेली गाडी, तिला पंधरा म्हणजे उलट कमीच. याच वहीत २०२२ ला पुण्याच्या फेरीवाली टाकी साडेसोळा होती.

मग विचारलं, "मालक, २०२४ च्या उन्हाळ्यात गाडीचं काही काम केलं होतं का?"

"होय की. मे महिन्यात तापली होती. विजापूर रोडला बंद पडली. मग एकाकडनं दुरुस्त करून घेतली. त्यानंतर एकदा पण तापली नाही बघा."

एकदा पण तापली नाही. इथंच माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"सकाळी गाडी चालू केल्यावर मीटरमध्ये निळा दिवा लागतो ना, तो कधी विझतो?"

मालक थोडा वेळ आठवत राहिले. "सात रस्ता येतोय की तोवर. आधी कॉलनीच्या बाहेर पडलं की जायचा."

या गाड्यांना तापमानाचा काटा नसतो, इंजिन थंड आहे हे सांगायला निळा दिवा असतो. तो इतका वेळ जळत राहतो याचा अर्थ इंजिन तापायलाच तयार नाही. स्कॅनर लावून विजापूर रोडला एक चक्कर मारली. पाण्याचं तापमान ६२ च्या वर जाईना. तिथं ८५ ते ९५ पाहिजे. परत येऊन हाउसिंग उघडलं, आत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) नव्हताच. काढून टाकलेला.

ज्यानं काढला त्याला मी फार बोलणार नाही, कारण मी स्वतः अशा कितीतरी गाड्यांचे काढलेत. सोलापूरचा मे महिना, गाडी उकळतेय, गिऱ्हाईक डोक्यावर उभं. थर्मोस्टॅट काढला की पाणी अखंड रेडिएटरमधून फिरतं आणि गाडी तापायची थांबते. गिऱ्हाईक खूश. जुन्या गाड्यांत ते खपूनही जायचं. पण इंजेक्शनच्या गाडीचा संगणक पाण्याच्या तापमानावरून पेट्रोल ठरवतो. इंजिन थंड आहे असं कळलं की तो जादा पेट्रोल सोडतो. त्यात ऑइल घट्ट राहतं, त्याची ओढ वेगळी. उन्हाळ्यात बाहेरचीच हवा इतकी गरम की इंजिन कसंबसं ऐंशीच्या जवळ पोचतं, म्हणून मार्चमध्ये थोडी सुधारणा दिसायची. मालकांना ती गाडीची तब्येत वाटायची, होती सोलापूरच्या उन्हाची कृपा.

चेक इंजिनचा दिवा लागलेला नव्हता. काही गाड्या अशा वेळी इंजिन पुरेसं तापत नाही असं सांगणारा पी०१२८ कोड दाखवतात, काही दाखवत नाहीत. दिवा नाही म्हणजे दोष नाही असं धरून चालू नका.

आता नुसता नवा थर्मोस्टॅट बसवून गाडी दिली असती तर मे महिन्यात ती पुन्हा विजापूर रोडला उभी राहिली असती, आणि पुन्हा कुणीतरी तो काढला असता. मुळात ती तापली का, हे आधी शोधायला पाहिजे होतं. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बोट घातलं तर धूळ आणि सुताचा फुफाटा यांचा नमदाच निघाला. कापडाच्या बाजारात आणि यंत्रमागांच्या भागात फिरणाऱ्या गाडीत हे हमखास सापडतं. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे ते घरातल्या गिझरला विचारा. आतल्या नळ्यांना पांढरा थर धरलेला. रेडिएटर काढून आतून-बाहेरून साफ केला, झाकण बदललं, थर्मोस्टॅट घातला, डिस्टिल्ड पाण्यात मिसळून कूलंट भरलं, हवा काढली, फॅन ठरलेल्या तापमानाला सुरू होतोय का ते उभं राहून बघितलं. त्या संध्याकाळी गाडी ८८ वर ठाम बसली.

मालकांना सांगितलं, तीन टाक्या साधं पेट्रोल टाका, वहीत लिहा, मग या.

थर्मोस्टॅट जागेवर असेल तर

सगळ्यांचं दुखणं हेच असेल असं नाही. माझ्याकडे सगळ्यात जास्त सापडतो तो जाम ब्रेक. कॅलिपरच्या पिना सुकतात, मागचे लायनर सुटत नाहीत, हँडब्रेकची वायर अडकते. सरळ रस्त्यावर पाचेक किलोमीटर चालवा, शक्यतो ब्रेक न मारता हळूहळू थांबा, आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, चिकटवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं की चोर सापडला. सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये एका माणसाला गाडी ढकलता येत नसेल तरीही तेच.

टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना बघा, आणि दाराच्या चौकटीवर लिहिलीय तेवढीच ठेवा. उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवणारे आहेत. कमी हवेनंच टायर जास्त तापतो.

एअर फिल्टरबद्दल मात्र आम्ही मिस्त्री लोक जे सांगतो त्यात थोडी अतिशयोक्ती असते. इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर चोंदला तर पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेज फारसं हलत नाही. कमी आलेल्या हवेच्या हिशेबानं संगणक पेट्रोलही कमी सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं हे २००९ मध्येच तपासून दाखवलंय. फिल्टर बदला, इंजिनासाठी बदला, पण त्यातून दोन किलोमीटर वाढतील अशी आशा धरू नका.

स्कॅनर लावणार असाल तर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त सोडतोय तो आकडा. जुन्या गाडीत २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर हा आकडा चार-पाचनं अधिककडे सरकलेला दिसतो. तो बिघाड नाही. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साडेतेरा पट पुरते, म्हणून तेवढ्याच हवेत संगणक पेट्रोल जास्त सोडतो. तोच आकडा पंधरा-वीसकडे गेला तर मात्र हवेची गळती, पेट्रोलचं प्रेशर किंवा ऑक्सिजन सेन्सर तपासायला लागा. उणेकडे तेवढाच गेला तर इंजेक्टर गळत असेल.

आणि कधी कधी गाडीत काहीच नसतं. मुलाला घरापासून दीड किलोमीटरवरच्या शाळेत सोडायचं, इंजिन तापायच्या आत बंद, पुन्हा दुपारी तेच, वर मे महिन्यात उन्हात उभी राहिलेली गाडी आणि एसी चारवर. अशा वापरात दहा-अकरा पडलं तर गाडीला दोष देऊ नका.

मार्चमध्ये

मालक वही घेऊन आले. तीन टाक्या: १३.९, १४.१, १४. निळा दिवा कॉलनीच्या कमानीपाशी विझतो म्हणाले. तरी चेहरा पूर्ण खुललेला नव्हता.

"साडेचौदा होतं ना आधी. अर्धा कुठं गेला?"

"तो उसात गेला, मालक." साडेचौदातून साडेतीन टक्के वजा केले की चौदा राहतात. कागदावर मांडून दाखवलं. चाटी गल्लीतल्या माणसाला टक्के समजवावे लागत नाहीत. त्यांच्या भावाचा मोहोळकडं वीस एकर ऊस आहे, त्यामुळे पुढं काही बोलले नाहीत, नुसते हसले.

जाताना म्हणाले, "मग पॉवर कधीच नको?"

"पुस्तकात बघा, पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बघा. तिथं ९५ लिहिलं असलं तर टाका."

झाकण उघडून बघितलं. ९१ लिहिलं होतं.

तुमच्या गाडीचं विचारायचं असेल तर एवढं लिहून विचारा: गाडीचं वर्ष, झाकणाच्या आत काय लिहिलंय, तीन टाक्यांचे आकडे फुल टू फुल, घट कुठल्या महिन्यात सुरू झाली आणि त्याच्या आधीच्या सहा महिन्यांत गाडीला कुणी कुणी हात लावला. हे शेवटचं विसरू नका.